लिगुरिया नेमका जगतो कशावर?

प्रश्न असा आहे: इटलीतल्या लिगुरिया प्रांतात सपाट जमीन नाही, मोठी नदी नाही, सांगण्यासारखी खनिजं नाहीत. तरी तिथलं मुख्य बंदर जेनोआ एकेकाळी युरोपातल्या सर्वांत श्रीमंत शहरांत कसं गेलं? आणि आज तिथले लोक कशावर जगतात? चिंक्वे तेर्रे या तिथल्या पाच किनारी गावांचे फोटो पाहून वाटतं की सगळं पर्यटनावरच चाललंय.

मी मालवाहतुकीच्या धंद्यातला माणूस. न्हावा शेवाहून निघालेले कंटेनर जेनोआ, सावोना किंवा ला स्पेत्सियाला उतरवायचे आणि पुढे मिलान-तुरीनकडे धाडायचे, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे उत्तर बंदराच्या बाजूनं येणार, हे आधीच सांगतो. इतिहासाचा प्राध्यापक कदाचित दुसरीकडून सुरुवात करेल.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं. लिगुरियाचं पोट त्याच्या स्वतःच्या जमिनीवर कधीच भरलं नाही. समुद्र आणि पो नदीचं सुपीक मैदान यांच्यामध्ये एक डोंगर आडवा आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी बसायचं आणि ये-जा करणाऱ्या मालातून, पैशातून, माणसांतून आपला वाटा काढायचा, हा या प्रांताचा हजारेक वर्षांचा धंदा आहे. पर्यटन हा त्यातला सर्वांत नवा हिस्सा, आणि फोटोंवरून वाटतो तेवढा मोठाही नाही.

आता सविस्तर. नकाशा समोर घ्या. इटलीच्या वायव्येला, फ्रान्सच्या सीमेपासून तोस्कानापर्यंत किनाऱ्याची एक कमान दिसेल, तोच लिगुरिया. क्षेत्रफळ साधारण ५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासंच जास्त. वस्ती १५ लाखांच्या आसपास. किनारा मात्र सव्वातीनशे किलोमीटरहून लांब. कमानीच्या मधोमध जेनोआ. तिथून पश्चिमेचा किनारा रिविएरा दि पोनेंते, पूर्वेचा रिविएरा दि लेव्हांते. जिल्हे चार: इम्पेरिया, सावोना, जेनोआ, ला स्पेत्सिया. सरकारी वर्गीकरणात सुमारे ६५ टक्के भाग डोंगर, उरलेला टेकड्या, आणि मैदानाच्या रकान्यात जवळजवळ शून्य. आल्बेंगाजवळ चिमूटभर सपाटी आहे, ती अपवाद म्हणून.

कोकण पाहिलेल्याला चित्र लगेच कळेल: एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये पट्टी. फक्त इथे ती मधली पट्टीच गायब आहे. काही ठिकाणी पाणलोटाची रेषा समुद्रापासून दहा किलोमीटरच्याही आत येते, आणि तिथे उंची हजार मीटरच्या वर असते. म्हणून नद्या अशा नाहीतच. आहेत ते वहाळ: उन्हाळ्यात दगडगोट्यांनी भरलेले, ऑक्टोबरात अंगावर येणारे.

अशा भिंतीत सगळं महत्त्व खिंडींना येतं. सावोनाच्या मागे कादिबोनाची खिंड आहे, साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीची. आल्प्स इथे संपले आणि ॲपेनाइन सुरू झाले असं भूगोलात परंपरेनं मानतात. जेनोआच्या मागे जोवीची खिंड, ४७२ मीटर. आजूबाजूच्या रांगांच्या मानानं दोन्ही बसक्या. बंदराची जागा समुद्र ठरवतो असा सर्वसाधारण समज आहे, पण जेनोआची जागा तिच्या मागच्या खिंडींनी ठरवली असं माझं मत आहे. नुसतं बंदर म्हणून पाहिलं तर ला स्पेत्सियाचं आखात कितीतरी सरस: खोल, तिन्ही बाजूंनी बंदिस्त. तरी मध्ययुगातला व्यापार गेला जेनोआला, कारण मिलानची जवळची वाट तिच्या मागून जाते. रोमन लोकांनी इ.स.पू. १४८ मध्ये व्हिया पोस्तुमिया हा रस्ता जेनोआहून सुरू करून पोच्या मैदानातून पार अक्विलेयापर्यंत नेला, तोही याच डोंगरांतून.

पुढे शेकडो वर्षं या वाटांवर खेचरांचे तांडे चालले. मीठ, ऑलिव्हचं तेल आणि खारवलेले मासे वर जायचे, धान्य खाली यायचं. पिएमोंते प्रांताला समुद्र नाही, पण त्यांचा लाडका बान्या काउदा हा पदार्थ खारवलेल्या अँकोव्ही माशांशिवाय होत नाही. हे मासे डोंगर चढून तिथे कसे पोचले याचं उत्तर या खेचरवाटांत आहे.

शेतीबद्दल लोक फार रोमँटिक बोलतात, म्हणून ती आधी उरकतो. उतारावर गडगे रचायचे, मागे माती भरायची, आणि त्या हातभर रुंद पायरीवर वेल किंवा ऑलिव्ह लावायचं. चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड बसवायची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटलीसह आठ देशांच्या नावावर. काम जबरदस्त आहे यात वाद नाही. पण त्यातून गहू पिकत नव्हता. डोंगरातल्या गावांचं पोट चेस्टनटच्या पिठावर चालायचं. किनाऱ्यावर अजूनही हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ एकत्र करून तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, तिला फारिनाता म्हणतात. आज ती हौसेनं खातात. मुळात ते स्वस्तातलं पोटभरीचं खाणं.

ऑलिव्हची तिथली जात ताज्जास्का, फळ लहान, तेल सौम्य. पण आता इम्पेरियाच्या तेल कंपन्या पाहा. तिथल्या टेकड्यांवर होतं त्याच्या कितीतरी पट तेल त्या बाटल्यांत भरून विकतात, कारण बाहेरचं तेल आणायचं, चाखायचं, मिसळायचं आणि विकायचं हे त्यांचं खरं कसब आहे. पेस्तोचंही तेच. तुळशीच्या कुळातली बेसिलची पानं प्रा या जेनोआच्या उपनगरातल्या काचघरांतली, तेल आणि लसूण तिथलंच, पण पेकोरिनो चीज सार्डिनियाचं आणि पार्मेजान डोंगरापलीकडचं. प्रांताची ओळख म्हणून मिरवला जाणारा पदार्थसुद्धा अर्धा आयात मालाचा आहे.

आता इतिहास. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझ्या रोजच्या कामातले निम्मे कागद या शहरात जन्मले किंवा वयात आले.

दहाव्या शतकात जेनोआ लहानसं गाव होतं. ९३४-३५ च्या सुमारास अरब आरमारानं ते लुटून बेचिराख केलं. त्यानंतर दीडशेहून थोड्या जास्त वर्षांत हेच लोक जहाजं घेऊन पवित्र भूमीपर्यंत पोचले. १०९९ मध्ये पहिल्या धर्मयुद्धात जेरुसलेमच्या वेढ्यासाठी आपली जहाजं मोडून त्या लाकडाचे मनोरे बांधणारा गुल्येल्मो एंब्रियाको जेनोआचाच. बदल्यात पूर्वेकडच्या बंदरांत व्यापाराच्या सवलती मिळाल्या. १२८४ मध्ये मेलोरियाच्या लढाईत पिसाचं आरमार कायमचं मोडलं. बायझंटाईन सम्राटाशी झालेल्या १२६१ च्या तहानं काळ्या समुद्राचं दार उघडलं आणि क्रायमियातलं काफा ही त्यांची मोठी वखार बनली. कॉन्स्टँटिनोपलच्या समोर गलाता, एजियन समुद्रात खिओस बेट: तिथला मस्तकी नावाचा सुगंधी डिंक आणि जवळच्या फोकेआची तुरटी. कापडाचा रंग पक्का करायला तुरटी लागते, म्हणून फ्लँडर्सपर्यंतचे (आजच्या बेल्जियमकडचे) विणकर या मालावर अवलंबून होते. खिओस १५६६ पर्यंत जेनोआकडे राहिलं.

व्हेनिसशी तुलना केल्याशिवाय जेनोआ कळत नाही. व्हेनिसमध्ये सरकार जहाजं बांधायचं, ताफे ठरवायचं, मार्ग लिलावात द्यायचं. जेनोआत सरकार कमकुवत, घराणी बलवान, आणि ती एकमेकांच्या जिवावर उठलेली. दोरिया, स्पिनोला, फिएस्की, ग्रिमाल्दी: गल्लीगल्लीत यांचे मनोरे. अशा गावात व्यापार चालायचा तर विश्वास माणसावर ठेवून भागत नाही, कागदावर ठेवावा लागतो. म्हणून जेनोआत नोटरी फार. जोव्हान्नी स्क्रिबा या नोटरीचं ११५४ ते ११६४ या काळातलं दप्तर आजही आहे. एवढं जुनं नोटरीचं दप्तर दुसरीकडे टिकलेलं नाही. त्यात पानोपानी ‘कोमेंदा’ करार सापडतात. घरी बसलेला भांडवल देणार, दुसरा ते घेऊन समुद्रावर जाणार. परत आल्यावर नफ्याचा तीन चतुर्थांश भांडवलदाराला, एक चतुर्थांश प्रवास करणाऱ्याला. जहाज बुडालं तर भांडवल गेलं, प्रवाशावर कर्ज राहत नाही. विधवा, कारागीर, पाद्री, कुणीही थोडे पैसे घालू शकत असे. सागरी विम्याचा टिकून राहिलेला सर्वांत जुना करार म्हणून ज्याचा उल्लेख होतो तोही जेनोआचाच, १३४७ चा.

मग १४०७ मध्ये सान जोर्जो नावाची संस्था उभी राहिली. तिला सवयीनं बँक म्हणतात, पण ती त्याहून विचित्र चीज होती. प्रजासत्ताकावर कर्ज फार झालं, तेव्हा सगळ्या धनकोंना एका संस्थेत बांधलं आणि कर्जफेडीसाठी कर गोळा करण्याचे हक्कच तिला दिले. या कर्जाचे भाग खरेदी-विक्रीला खुले होते. पुढे राज्याला झेपेना म्हणून कॉर्सिका बेट आणि काफाची वसाहत १४५३ मध्ये याच संस्थेच्या कारभारात दिली गेली. धनकोंच्या मंडळानं बेट चालवायचं, ही कल्पना ईस्ट इंडिया कंपनी माहीत असलेल्या आपल्याला नवी नाही. जेनोआत ती दीडशे वर्षं आधी झाली. कोलंबस जेनोआचा, जन्म १४५१ चा. त्यानं १५०२ मध्ये सान जोर्जोला पत्र लिहून आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा देऊ केला, तो शहरातल्या धान्यावरचा आणि इतर खाद्यपदार्थांवरचा कर कमी व्हावा म्हणून. अर्धं जग फिरलेल्या माणसाला आपल्या गावाचं दुखणं कुठे आहे ते नेमकं ठाऊक होतं.

सान जोर्जोची इमारत १२६० मध्ये बांधायला घेतली होती, ती बंदराच्या तोंडाशी अजून उभी आहे, आणि आज तिच्यात बंदर प्राधिकरणाचं मुख्य कार्यालय आहे. व्हेनिसच्या मार्को पोलोला १२९८ च्या सुमारास युद्धकैदी म्हणून तिथंच ठेवलं होतं असं सांगतात. त्यानं आपला प्रवास सहकैदी रुस्तिकेल्लोला जेनोआच्या कैदेत सांगितला, एवढं नक्की.

जाता जाता: जेनोआचे विवाल्दी बंधू १२९१ मध्ये दोन गलबतं घेऊन जिब्राल्टरबाहेर पडले, ते समुद्रमार्गानं हिंदुस्थान गाठायला. पुन्हा कधी दिसले नाहीत. वास्को द गामा कालिकतला पोचला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी.

पूर्वेकडे तुर्कांनी वाटा बंद केल्यावर जेनोआ बुडायला हवं होतं. झालं उलटं. १५२८ मध्ये आंद्रेआ दोरियानं फ्रान्सची बाजू सोडून, स्पेनचाही राजा असलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सशी हातमिळवणी केली, आणि जेनोआचे सावकार स्पेनच्या तिजोरीपर्यंत पोचले. १५५७ च्या स्पॅनिश दिवाळखोरीत जर्मन सावकार पोळले. जागा जेनोआच्या लोकांनी घेतली. अमेरिकेतली चांदी सेव्हियाला उतरायची, पण स्पेनच्या सैनिकांना पगार हवा असायचा फ्लँडर्समध्ये, सोन्यात आणि वेळेवर. मधलं अंतर आणि मधले महिने भरून काढायचे ते जेनोआच्या हुंड्यांनी. १५७९ पासून पियाचेंत्सा इथे वर्षातून चार वेळा जत्रा भरायची, आणि तिथे माल जवळजवळ नसायचाच. थोडेसे सावकार एकमेकांच्या हुंड्या वळत्या करून उठायचे. या काळात बांधलेल्या हवेल्या स्त्रादा नुओव्हा या रस्त्यावर आजही आहेत (आता नाव व्हिया गारिबाल्दी), २००६ पासून युनेस्कोच्या यादीत. १६२७ मध्ये स्पेननं पुन्हा हात वर केले आणि हा खेळ आटोपला. म्हणजे मिठापासून सुरू झालेला अडत्याचा धंदा शेवटी निव्वळ कागदावर आला होता, आणि सगळ्यांत जास्त पैसा त्यानंच दिला.

पुढची दोनशे वर्षं मी झरझर सांगतो. १६८४ मध्ये चौदाव्या लुईच्या आरमारानं शहरावर तोफा डागल्या. १७६८ मध्ये कॉर्सिका फ्रान्सला देऊन टाकावी लागली. १७९७ मध्ये नेपोलियननं जुनं प्रजासत्ताक संपवलं, १८०५ मध्ये सान जोर्जोही बंद झाली. १८१५ मध्ये व्हिएन्नाला बसलेल्या राजेलोकांनी जेनोआला न विचारता ते तुरीनच्या सावोय घराण्याला बहाल केलं. जेनोआच्या लोकांना ते मुळीच रुचलं नाही. मॅझिनी याच शहरात १८०५ मध्ये जन्मला आणि याच असंतोषात वाढला. सावरकरांनी लंडनमध्ये त्याच्या लेखनाचं मराठीत भाषांतर केलं आणि ते १९०७ मध्ये छापून आलं, त्यामुळे मराठी घरांत हे नाव तेव्हापासून आहे. इटलीच्या एकीकरणासाठी गारिबाल्दीची हजार जणांची मोहीम ५ मे १८६० ला निघाली ती जेनोआजवळच्या क्वार्तोहून. त्यांनी घेतलेल्या दोन आगबोटी रुबात्तिनो कंपनीच्या. सुएझ कालवा उघडल्यावर याच कंपनीनं जेनोआ ते मुंबई फेरी सुरू केली. विसाव्या शतकातही युरोपला शिकायला निघालेले कित्येक भारतीय विद्यार्थी मुंबईहून इटालियन बोटीत बसून जेनोआ किंवा नेपल्सला उतरत आणि पुढे आगगाडी पकडत.

सावोय घराण्याला हवं होतं बंदर, आणि बंदराचा उपयोग व्हायचा तर डोंगर फोडायला हवा होता. तुरीन-जेनोआ रेल्वे डिसेंबर १८५३ मध्ये जेनोआला पोचली. जोवीच्या घाटात चढ होता हजारात ३५, म्हणजे त्या काळी वाफेच्या इंजिनाला जवळपास अशक्य. पाठीला पाठ लावून जोडलेली खास इंजिनं तिथे लावली. त्याच साली जेनोआला लागूनच्या सांपिएरदारेनात आन्साल्दो कारखाना उभा राहिला, इंजिनं देशात बनावीत म्हणून. नंतर जहाजबांधणी, तोफा, पोलाद आलं. ला स्पेत्सियाच्या त्या सुंदर आखाताला शेवटी गिऱ्हाईक मिळालं ते नौदलाच्या रूपात: तिथली गोदी १८६९ मध्ये सुरू झाली. तिथेच १९०५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याची परंपरा ओतो मेलारा या शस्त्रास्त्र कंपनीनं पुढे चालवली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या शिवालिक आणि कोलकाता वर्गाच्या युद्धनौकांवर पुढच्या बाजूला जी ७६ मिलिमीटरची तोफ दिसते, तिचा आराखडा ओतो मेलाराचा. आपल्याकडे ती हरिद्वारला भेलमध्ये बनते.

मिलान, तुरीन, जेनोआ हा इटलीचा औद्योगिक त्रिकोण. त्यात जेनोआचा कोन बहुतांशी सरकारी पैशावर उभा होता. जागा नव्हती, म्हणून समुद्रात भराव घातला: कोर्निल्यानोचा पोलाद कारखाना भरावावर, विमानतळ भरावावर, प्राचं कंटेनर टर्मिनलही भरावावर. प्राच्या लोकांची चौपाटी त्यात कायमची गेली. १९८० च्या दशकात सरकारी उद्योग आटू लागले आणि हजारो नोकऱ्या गेल्या; कोर्निल्यानोची भट्टी २००५ मध्ये विझली. १९७१ च्या जनगणनेत शहराची वस्ती आठ लाखांच्या वर होती, आज साडेपाच लाखांच्या पुढे थोडी.

मग आज काय? जहाजबांधणी अजून आहे, सेस्त्री पोनेंतेला मोठी क्रूझ जहाजं बनतात. नौदलाची कामं आहेत. जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या, विमा, दलाल, सागरी वकील हे सगळं जेनोआत दाटीनं आहे. सानरेमोच्या आसपास रेल्वे आल्यानंतर लिंबं आणि ऑलिव्ह उपटून लोकांनी फुलं लावली आणि उत्तरेकडे धाडली. केनिया, कोलंबिया आणि हॉलंडनं तो धंदा बराच खाल्ला. आल्बेंगाचे शेतकरी आता रोझमेरी-सेजच्या कुंड्या जर्मनीला पाठवतात, आणि माझ्या मते शेतीत सध्या सगळ्यांत शहाणी मंडळी तीच.

पर्यटनाची सुरुवात इंग्रजांनी केली, आणि ती उन्हाळ्यासाठी नव्हे, हिवाळ्यासाठी. डोंगर उत्तरेचा थंड वारा अडवतो, म्हणून बोर्दिगेरा, सानरेमो, आलास्सियो इथे क्षयाचे रोगी आणि पैसेवाले येऊन राहत. शांघायमध्ये पैसा कमावलेल्या टॉमस हॅनबरीनं १८६७ मध्ये फ्रेंच सीमेजवळ लावलेली बाग आजही पाहता येते. आल्फ्रेड नोबेल १८९६ मध्ये सानरेमोतच वारला. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलान-तुरीनच्या मध्यमवर्गानं समुद्रकाठी सुट्टीची घरं घेतली आणि टेकड्यांवर इतकी बेसुमार बांधकामं झाली की इटालियन लोक अशा विद्रूपीकरणाला रापाल्लो गावाच्या नावानंच ओळखतात. ही घरं वर्षातले दहा महिने बंद. चिंक्वे तेर्रे १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत, १९९९ पासून राष्ट्रीय उद्यान. पाच गावं मिळून कायमची वस्ती चार हजारांच्या आसपास, आणि येणारे दरवर्षी लाखो. पैसा येतो, पण तो स्टेशनापासून दोनशे मीटरच्या आत राहतो. वरच्या पायऱ्यांवरची द्राक्षं वाहायला दातेरी रुळावरची छोटी गाडी आहे. ती चालवायला माणूस मिळत नाही.

आणि इथे सगळे धागे एकत्र येतात. वरच्या पायऱ्या ओस पडल्या, गडगे फुगून ढासळले, जंगलानं जागा घेतली. प्रांताचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग आज वनाखाली आहे, इटलीत सर्वाधिक. ऐकायला छान वाटतं. पण बेवारशी गडग्यामागची माती पावसात सुटते. शरदात समुद्र अजून कोमट असतो, दक्षिणेचं दमट वारं डोंगराला धडकतं, पोच्या मैदानातली थंड हवा खिंडींतून खाली घुसते, आणि दोन्हींच्या सीमेवर ढग तासन्‌तास एकाच जागी उभे राहून कोसळतात. ८ ऑक्टोबर १९७० ला जेनोआच्या बोल्झानेतोत २४ तासांत ९०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. २५ ऑक्टोबर २०११ ला चिंक्वे तेर्रेतली व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं चिखलाखाली गेली. दहाच दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, जेनोआत फेरेज्जानोच्या वहाळानं सहा जणांचा जीव घेतला, त्यात दोन लहान मुली. २०१४ मध्ये पुन्हा पूर. जेनोआतल्याच बिसान्यो वहाळाचा शेवटचा भाग १९३० च्या सुमारास झाकून वर रस्ता केला होता, कारण पुन्हा तेच, जागा नव्हती.

वाटेचा प्रश्नही तसाच उभा आहे. १४ ऑगस्ट २०१८ ला पोल्चेव्हेराच्या दरीवरचा, १९६७ मध्ये उघडलेला मोरांदी पूल कोसळला, ४३ माणसं गेली. जीवितहानीपुढे व्यापाराचं बोलणं जड जातं, पण बंदराचा पश्चिमेकडचा हमरस्ता एका सकाळी नाहीसा झाला होता, आणि पर्यायी वाट म्हणावी तशी नव्हती. जेनोआकर वास्तुकार रेन्झो पियानोनं रेखाटलेला नवा पूल ऑगस्ट २०२० मध्ये खुला झाला.

माझ्या धंद्यातली खरी लढाई रॉटरडॅम आणि अँटवर्पशी आहे. सुएझमधून येणाऱ्या जहाजाला जेनोआ गाठायला रॉटरडॅमपेक्षा चार-पाच दिवस कमी लागतात. तरी उत्तर इटलीचा कितीतरी माल रॉटरडॅमला उतरून, स्वित्झर्लंडमधून रेल्वेनं मिलानला येतो, विशेषतः २०१६ मध्ये गोटहार्डचा सपाट बोगदा झाल्यापासून. समुद्रावर वाचवलेले दिवस जेनोआच्या मागच्या घाटात जातात. म्हणून ‘तेर्झो व्हालिको’ नावाची तिसरी रेल्वे खणली जात आहे, ५३ किलोमीटर, त्यातले सुमारे ३७ बोगद्यात. आणि चारशे मीटर लांबीची जहाजं वळू शकावीत म्हणून समुद्रात ५० मीटरपर्यंत खोल पाण्यात नवा लाटारोधक बांध घालायचं काम २०२३ मध्ये सुरू झालं, खर्चाचा सुरुवातीचा अंदाज १.३ अब्ज युरो. दोन्ही कामं बरोबर आहेत असं मला वाटतं, पण क्रम चुकला तर बांध निरुपयोगी: मोठं जहाज आलं आणि माल डोंगर चढू शकला नाही, तर धक्क्यावर फक्त ढीग वाढतो. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा जेनोआचा जवळ असण्याचा फायदा एका झटक्यात उलटला. जिब्राल्टरहून आत वळण्यापेक्षा सरळ उत्तरेला जाणं त्यांना सोपं पडत होतं.

माणसांचंही सांगायला हवं. लिगुरिया हा इटलीतला सर्वांत म्हातारा प्रांत. दर चार माणसांत एकाहून जास्त ६५ च्या पुढचा. एकोणिसाव्या शतकात इथले लोक बोटी भरभरून ब्वेनोस आयरेसला गेले, तिथला बोका हा भाग त्यांनीच वसवला. अमेरिकेत पुढे बँक ऑफ अमेरिका झालेली बँक १९०४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काढणाऱ्या जानिनीचे आईवडील जेनोआमागच्या फाव्हाले दि माल्व्हारो या डोंगरी गावचे. आता जेनोआत सर्वांत मोठा परदेशी समाज इक्वेडोरच्या लोकांचा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच बायका घरोघरी म्हाताऱ्यांची देखभाल करतात. या प्रांतात निवृत्तिवेतन हा उत्पन्नाचा किती मोठा झरा आहे, हे पर्यटनाच्या माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही.

प्रत्यक्ष जाणार असाल तर एक दिवस चिंक्वे तेर्रेचा कमी करा आणि जेनोआहून कासेल्लाला जाणारी १९२९ ची मीटरगेज गाडी चालू आहे का ते पाहून तिनं वर जा. डोंगर किती जवळ आणि किती उभा आहे ते तासाभरात समजतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर सकाळी हवामानाच्या इशाऱ्याचा रंग बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. लाल असेल त्या दिवशी शाळा बंद, पायवाटा बंद, आणि वहाळाकाठी गाडी लावायची नाही.